वाचकांनी रचलेला खेळ

1979 साली अमेरिकेत ‘डंजन मास्टर्स गाइड’ नावाचे एक जाडजूड पुस्तक बाजारात आले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे ते नियमपुस्तक, आणि त्यात तक्त्यांची नुसती रेलचेल होती. कोणत्या चिलखतावर घाव बसायला फाशावर किती पडायला हवेत, भाडोत्री शिपायाला महिन्याला किती पगार द्यायचा, खजिन्यात कोणती रत्ने निघतील, राजवाड्याच्या बांधकामाला किती दिवस लागतील, सगळ्याचे कोष्टक तयार. या गर्दीत 224व्या पानावर ‘परिशिष्ट एन’ या मथळ्याखाली एक यादी आहे आणि तिचा फाशांशी काही संबंध नाही. पंचवीसहून अधिक लेखकांची नावे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कथा-कादंबऱ्यांची शीर्षके, एवढाच तिचा मजकूर. लहानपणी वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टींपासून ते अद्भुत कादंबऱ्यांपर्यंत आपण काय काय ऐकले आणि वाचले, त्यातून हा खेळ कसा घडला, याची पोच खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी तिथे दिली आहे. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळाडूंनी एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ, या प्रकाराचा इतिहास सांगताना ही यादी सहसा तळटीपेसारखी वापरली जाते. मुख्य गोष्ट युद्धखेळांची आणि फाशांची. मला मात्र ही मांडणी उलटी वाटते. खेळाची ही पुस्तके प्रथम वाचनाच्या इतिहासात बसतात, खेळांच्या इतिहासात नंतर. सामान्य वाचक आपल्या वाचनाची खूण सहसा मागे ठेवत नाही. समीक्षक लेख लिहितो, प्राध्यापक टिपणे काढतो. पण स्टेशनवर घेतलेले स्वस्त पुस्तक रात्री संपवणाऱ्या माणसाने त्यातून नेमके काय घेतले, हे कळायला मार्ग नसतो. 1970च्या दशकातल्या या नियमपुस्तकांत तशा वाचकांची साक्ष लेखी सापडते, तीही थेट कोष्टकांच्या रूपात.

हे वाचक कोण आणि ते वाचत काय होते, हे आधी पाहायला हवे. यादीतले बरेचसे लेखन मुळात ज्यांना ‘पल्प’ म्हणत त्या हलक्या कागदाच्या मासिकांत आले होते. ‘वीअर्ड टेल्स’ हे मासिक 1923 साली निघाले. टेक्ससमधल्या क्रॉस प्लेन्स या छोट्या गावात राहून लिहिणाऱ्या रॉबर्ट हॉवर्ड यांचा रानवट योद्धा कोनन डिसेंबर 1932च्या अंकात पहिल्यांदा अवतरला. 1936 साली, अवघ्या तिसाव्या वर्षी, हॉवर्ड गेले. फ्रिट्झ लायबर यांची फॅफर्ड आणि ग्रे माउझर ही जोडगोळी 1939 साली ‘अननोन’ मासिकात आली आणि ते मासिक 1943 साली युद्धकाळातल्या कागदटंचाईत बंद पडले. एवढ्यावर हे साहित्य रद्दीत जायचे, पण 1960च्या दशकात अमेरिकेत पेपरबॅकचा बाजार फुगला आणि प्रकाशक जुन्या मासिकांतला माल उकरू लागले. एडगर राइस बरोज पुन्हा छापले गेले, 1965 साली टोल्कीन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची एक अनधिकृत आणि एक अधिकृत अशी दोन पेपरबॅक रूपे एकाच वर्षी दुकानांत आली, 1966पासून लॅन्सर प्रकाशनाचा कोनन फ्रँक फ्रॅझेटा यांच्या भडक, जोरकस मुखपृष्ठांसह विकला जाऊ लागला, 1969 साली बॅलन्टाइनने लिन कार्टर यांच्या संपादनाखाली प्रौढांसाठी अद्भुत साहित्याची मालाच सुरू केली. परिणाम असा झाला की तीस-चाळीस वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या गोष्टी एका पिढीच्या हातात एकाच वेळी, एकाच फळीवर आल्या. त्यांना पौर्वापर्य नव्हते. 1932चा कोनन आणि 1965च्या पेपरबॅकमधला टोल्कीन यांचा फ्रोडो त्या वाचकाच्या दृष्टीने समकालीनच. त्यामुळे त्यांची सरमिसळ करायला त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

गायगॅक्स त्या वाचकांपैकीच. विस्कॉन्सिनमधले लेक जिनिव्हा हे तळ्याकाठचे सुट्टीचे गाव. तिथे राहून ते विमा कंपनीत नोकरी करत, आणि 1970 साली ती नोकरी सुटल्यावर घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत. त्यांचे सहकर्ते डेव्ह आर्नेसन मिनेसोटातले, इतिहासाचे विद्यार्थी. दोघांची भेट झाली ती लेक जिनिव्हात भरणाऱ्या जेन कॉन या युद्धखेळाडूंच्या मेळाव्यात. 1973च्या शरद ऋतूत गायगॅक्स आणि त्यांचे मित्र डॉन के यांनी टीएसआर ही संस्था काढली आणि जानेवारी 1974मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला: लाकडी रंगाच्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. प्रस्तावना लिहिली होती 1 नोव्हेंबर 1973 रोजी. हा खेळ कुणाला आवडेल हे सांगताना तिथे बरोज यांच्या मंगळावरच्या साहसकथा, हॉवर्ड यांचा कोनन, डी कँप आणि प्रॅट यांचे लेखन आणि लायबर यांची जोडगोळी यांचा उल्लेख येतो. म्हणजे ज्याने हे वाचले नसेल त्याने या वाटेला जाऊ नये, असेच जवळपास सुचवले होते. खेळाच्या दारावर उभा केलेला हा पहारा वाचनाचा होता.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. या खेळाची हाडे युद्धखेळाची आहेत, कादंबरीची नव्हेत. प्रशियाच्या रायस्वित्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सैनिकी अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा लढाईचा खेळ रचला, 1824 साली त्याचे नियम छापले गेले, एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ लिहून तो दिवाणखान्यात आणला. 1969 साली डेव्हिड वेसली यांनी मिनेसोटात ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या खेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. 1971 साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम आले. पंच, फासे, तुकड्यांची हालचाल, हानीचा हिशेब, हे सारे या वंशावळीतून आले, हे मान्यच करायला हवे. प्रश्न असा, की ही हाडे शंभर-दीडशे वर्षे होतीच. मग 1974च्या आधी हा खेळ का जन्मला नाही? उत्तराचा धागा ‘चेनमेल’मध्येच आहे. त्याच्या शेवटी अद्भुताची एक पुरवणी जोडलेली होती आणि तिचा उद्देशच टोल्कीन, हॉवर्ड वगैरेंनी वर्णिलेल्या लढाया टेबलावर खेळता याव्यात हा होता. त्या पुरवणीत एका राक्षसी प्राण्याच्या वर्णनात पोल अँडरसन यांच्या कादंबरीचे नाव सरळ छापलेले आहे, म्हणजे नियम नीट समजायचा तर कादंबरी वाचा. युद्धखेळाने कसे खेळायचे ते पुरवले. कशासाठी खेळायचे ते वाचनाने पुरवले.

शिवाय ही दोन कुळे मुळात वेगळी होती, हेही खरे नाही. फ्लेचर प्रॅट हे नाव घ्या. डी कँप यांच्यासोबत त्यांनी 1940पासून ‘अननोन’मध्ये हॅरॉल्ड शे या मानसशास्त्रज्ञाच्या गोष्टी लिहिल्या. हा शे तर्कशास्त्राची सूत्रे पुटपुटून नॉर्स पुराणांच्या किंवा स्पेन्सरच्या काव्याच्या जगात जाऊन पडतो आणि तिथली जादू कोणत्या नियमाने चालते ते प्रयोगाने शोधून काढतो. हेच प्रॅट आरमारी लढाईच्या एका प्रसिद्ध युद्धखेळाचे कर्ते. लायबर यांचे तर याहून पुढचे. त्यांनी आणि त्यांचे मित्र हॅरी फिशर यांनी लँखमार या काल्पनिक नगरीवर 1937 साली एक पटावरचा खेळ रचला होता. फॅफर्ड-माउझर जोडगोळीची पहिली गोष्ट छापून यायला अजून दोन वर्षे होती. पुढे 1976 साली टीएसआरनेच त्या खेळाची सुधारित आवृत्ती काढली. इंग्लंडमध्ये टोनी बाथ यांनी आपल्या दीर्घकाळ चाललेल्या युद्धखेळ मोहिमेसाठी नकाशा आणि राज्ये घेतली ती हॉवर्ड यांच्या कोननच्या जगातून. आर्नेसन यांनीही आपल्या ‘ब्लॅकमूर’ या मोहिमेच्या उगमाची हकिकत सांगताना टीव्हीवरचे भयपट आणि कोननची पुस्तके यांत घालवलेल्या सुट्टीचा उल्लेख केला आहे; त्याच नादात आलेखाच्या कागदावर त्यांनी तळघराचे, म्हणजे ‘डंजन’चे, पहिले नकाशे काढले. तेव्हा अद्भुत गोष्ट वाचणे आणि तिचा पट मांडणे या दोन गोष्टी 1974च्या कितीतरी आधीपासून एकमेकींच्या शेजारी राहत होत्या.

आता मुख्य पुराव्याकडे. हे वाचक कसे वाचत होते? त्यांच्या कोष्टकांवरून दिसते की त्यांचा प्रश्न ‘पुढे काय झाले’ एवढाच नव्हता. ‘हे नेमके कसे चालते’ हाही होता. जॅक व्हान्स यांच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या कथासंग्रहात सूर्य विझत चाललेल्या पृथ्वीवरचे जादूगार राहतात. त्यांचे मंत्र इतके जड असतात की एका वेळी मोजकेच डोक्यात मावतात आणि उच्चारले की स्मरणातून निघून जातात. पुन्हा हवे तर पुन्हा पोथी उघडायची. व्हान्स यांना यातून ऱ्हास दाखवायचा होता: एके काळचे अफाट ज्ञान आता चार मंत्रांवर आले आहे, आणि तेही डोक्यात धरायला कष्ट पडतात. गायगॅक्स यांनी तोच परिच्छेद वाचला आणि त्यात वेगळे पाहिले. जादूगार हवे तेव्हा हवे ते करू लागला तर बाकीच्या खेळाडूंनी बसून काय करायचे, या अडचणीवर तिथे तयार उपाय होता. म्हणून मूळ खेळातला नवशिका जादूगार दिवसाला एकच मंत्र घेऊन निघतो, तो वापरला की संपला. उदास गोष्टीतली एक कल्पना उचलून तिचा रेशनचा नियम केला गेला. मूळ भाव गेला हे खरे, पण त्या कल्पनेच्या अंगी असलेली काटेकोर शिस्त याच वाचनाने उघड केली, आणि व्हान्स यांच्यावर लिहिणाऱ्या समीक्षकांना ती तेवढी महत्त्वाची वाटली नव्हती.

अशी उदाहरणे कितीतरी देता येतात. खेळातला ट्रोल तोडला तरी पुन्हा सांधला जातो, त्याला आगीने किंवा आम्लानेच संपवावे लागते. हा गुण लोककथांतल्या ट्रोलचा नाही, तो अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’मधला आहे. त्याच कादंबरीत व्यवस्था आणि अनागोंदी या दोन वैश्विक पक्षांचा झगडा आहे, मायकेल मूरकॉक यांच्या एल्रिकच्या कथांतही तो आहे. खेळात तो प्रत्येक पात्राच्या कागदावरचा एक रकाना झाला, म्हणजे तुमचे पात्र कोणत्या बाजूचे ते आधी लिहायचे. 1975च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोराचा वर्ग आला. बराच अनुभवी झालेला हा चोर जादूची गुंडाळी वाचू शकतो, पण वाचताना चूक होण्याची शक्यता धरलेली आहे. चोराला जादू कशाला, असे कुणी विचारील. ज्याने लायबर वाचला त्याला माहीत असते की ग्रे माउझर तरुणपणी एका जादूगाराचा शिष्य होता. ज्याने व्हान्स वाचला त्याला कुगेल नावाचा भामटा आठवतो, ज्याचे मंत्र अक्षर चुकल्याने उलटतात. नियमातली एक ओळ दोन लेखकांच्या तीन-चार गोष्टींचे सार घेऊन उभी आहे. जुने भाष्यकार मूळ ग्रंथातल्या एका पदावर अडून ‘असे का’ विचारत बसत, तशीच ही वृत्ती. फरक इतकाच की इथे मूळ ग्रंथ पंचवीस सेंटच्या मासिकात आलेला आहे.

गोष्टींचा मजकूरच नव्हे, त्यांचा घाटही खेळात उतरला. मासिकाच्या लेखकाला शब्दामागे मोबदला मिळे आणि नायक लोकप्रिय झाला की त्याच्या नव्या गोष्टींची मागणी होई. त्यामुळे कोनन किंवा फॅफर्ड-माउझर यांच्या कथा सुट्या, एकेका मोहिमेच्या: एक शहर, एक पडका मनोरा, एक खजिना, थोडक्यात बचाव, आणि पुढच्या गोष्टीच्या आरंभी खिसा पुन्हा रिकामा. एका संध्याकाळी बसून संपवायचा आणि पुढच्या आठवड्यात त्याच पात्रांनी पुढे न्यायचा खेळ या घाटात चपखल बसतो. अनुभवाच्या गुणांचा नियम तर याची सही आहे. मूळ खेळात तळघरातून बाहेर आणलेल्या एका सुवर्णमुद्रेला एक गुण; पात्र मोठे होते ते मुख्यतः लुटीने. हा नियम कोननला लागू पडतो, माउझरला लागू पडतो. फ्रोडोला लावून पाहिला तर तो खेळात कच्चाच राहील, कारण त्याची सारी मोहीम जगातली सर्वांत मौल्यवान वस्तू फेकून देण्यासाठी आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो जास्त अवघड आहे. परिशिष्ट एन ही नंतर सुचलेली सारवासारव आहे, असे म्हणतात. 1974च्या पुस्तिकांत टोल्कीन यांच्या जगातले हॉबिट होते, एंट होते, बॅलरॉग होता. टोल्कीन यांच्या कृतींचे व्यापारी हक्क असलेल्या कंपनीने हरकत घेतल्यावर 1977च्या सुमारास हॉबिटचे हाफलिंग झाले, एंटचे ट्रिएंट झाले आणि बॅलरॉग नाहीसा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी छापलेल्या यादीत गायगॅक्स यांनी आपल्यावर सर्वांत थेट प्रभाव डी कँप-प्रॅट, हॉवर्ड, लायबर, व्हान्स, लव्हक्राफ्ट आणि मेरिट यांचा असल्याचे सांगितले. टोल्कीन यादीत आहेत, पण या खास नावांत नाहीत. 1985 साली ‘ड्रॅगन’ मासिकात स्वतंत्र लेख लिहून त्यांनी टोल्कीन यांचा प्रभाव आणखी कमी करून दाखवला. यामागे वकिलाची सावली असणार, हे उघड आहे. त्या काळच्या खेळातल्या रेंजर या पात्रवर्गाला दूरचे पाहण्याच्या जादुई साधनांवर हक्क होता. तो टोल्कीन यांचा ॲरागॉर्न आणि त्याचा पलांतीर हा दूरदर्शी गोळा यांच्याखेरीज कुठून येणार? एल्फ, ड्वॉर्फ, हॉबिट आणि माणूस यांनी मिळून मोहिमेवर निघायचे, हा संकेतही टोल्कीन यांचाच. तेव्हा यादी जशीच्या तशी मानू नये हे बरोबर. पण यादी बाजूला ठेवून नियमच पुरावा म्हणून घेतले तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही. कोणताही दावा नसताना लिहिलेली 1973ची प्रस्तावना टोल्कीन यांचे नाव घेत नाही. मंत्र, लूट, पक्ष, चोर यांची यंत्रणा व्हान्स, हॉवर्ड, अँडरसन आणि लायबर यांच्याकडे बोट दाखवते. टोल्कीन यांनी खेळाला रहिवासी दिले. ते रहिवासी वागतात मात्र मासिकातल्या भटक्यांसारखे.

या वाचनपद्धतीचे तोटे झाकण्यात अर्थ नाही, आणि ते भारतीय वाचकाला चटकन दिसतील अशा ठिकाणी आहेत. डिसेंबर 1975मध्ये टीएसआरच्या नियतकालिकात आणि मग 1977च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ हा प्राणी आला. डेव्ह ट्रॅम्पियर यांच्या चित्रात त्याचे डोके वाघाचे, अंगात उंची घरगुती जाकीट आणि हातात चिलीम. तो भ्रम निर्माण करून समोरच्याच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेतो आणि मंत्रून घेतलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरतो. हे वाल्मीकींकडून आलेले नाही, व्यासांकडूनही नाही. गायगॅक्स यांनीच सांगितल्याप्रमाणे त्याचा उगम ‘कोलचाक’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेच्या 1974 सालच्या एका भागात आहे, आणि बाणाची युक्तीही तिथलीच. रूप पालटण्याची माया तेवढी मारीच आणि शूर्पणखेशी जुळते. विश्रव्याचा मुलगा असलेला विद्वान रावण, धर्माच्या बाजूला जाणारा बिभीषण, भीमाशी संसार करणारी हिडिंबा, पांडवांसाठी मरणारा घटोत्कच यांना त्या नोंदीत जागाच नाही. राक्षस म्हणजे दुष्ट, रकाना भरला, विषय संपला. 1980 सालच्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये तर आपल्यासह जगभरच्या देवदेवतांना हिट पॉइंट दिले गेले, म्हणजे कुणाला किती घाव सोसतात त्याचा आकडा. ‘कसे चालते’ हा प्रश्न ज्या कथेला विचारण्यासारखा आहे तिथे हे वाचन चमकते. नातेसंबंध आणि श्रद्धा यांवर उभ्या असलेल्या कथेत ते आंधळे होते. आणि मूळ पुस्तकाऐवजी टीव्हीवरची उसनी आवृत्ती हाताशी असेल तर ते आणखी उथळ होते. माझ्या प्रतिपादनाची मर्यादाही इथेच आहे: जिथे वाचन नव्हते तिथे हा खेळ सर्वांत दुबळा आहे.

अटलांटिकपलीकडे याच प्रवाहाने वेगळे वळण घेतले. लंडनमध्ये 1975 साली जॉन पीक, स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी गेम्स वर्कशॉप सुरू केले आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सहा प्रती मागवून पुढे युरोपातल्या विक्रीचे हक्क मिळवले. त्यांच्यापैकी जॅक्सन आणि लिव्हिंगस्टन यांनी लिहिलेले ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ ऑगस्ट 1982मध्ये पफिन या मुलांच्या प्रकाशनाने काढले. 400 क्रमांकित परिच्छेद, दोन फासे, एक पेन्सिल, एक खोडरबर. डावीकडे वळायचे तर अमुक क्रमांकावर जा, लढायचे तर तमुक. फांद्या फुटणारी गोष्ट त्याआधीही होती. एडवर्ड पॅकर्ड यांचे ‘शुगरकेन आयलंड’ 1976मध्ये छापले गेले, त्याच वर्षी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ या खेळासाठी एकट्याने खेळायची ‘बफेलो कॅसल’ ही पुस्तिका आली, आणि 1979पासून ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ माला अमेरिकेत गाजू लागली. पफिनच्या पुस्तकाने यात फासे आणि पात्राचा कागद आणला, आणि टेबलाभोवतीची मंडळी व पंच दोन्ही काढून टाकले. वाचक एकटा उरला. ‘तू’ला उद्देशून लिहिलेल्या वाक्यांत तोच नायक आणि तोच हिशेबनीस. मागच्या परिच्छेदात बोट अडकवून पुढचा परिणाम चोरून पाहायची सवय या पुस्तकांनी एका पिढीला लावली. ती लबाडी खरीच. पण आडवीतिडवी पाने उलटत, तर्क लढवत, नकाशा काढत वाचणे हे सरळ ओळीने वाचण्यापेक्षा कमी प्रतीचे वाचन आहे असे मानायला आधार नाही. शब्दकोश, पंचांग, कायद्याचे पुस्तक आपण असेच वाचतो आणि त्याला कुणी खेळ म्हणत नाही.

तिसरा आक्षेप साहित्यप्रेमींचा. खेळाने कथेचे सुटे भाग केले आणि मग त्याच भागांतून नव्या कथा जुळवल्या जाऊ लागल्या, त्यामुळे अद्भुत कादंबरी साचेबंद झाली. आरोपात तथ्य आहे. 1984 साली टीएसआरने मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगनलान्स’ मालिका खेळाच्या मोहिमा आणि कादंबऱ्या अशा दोन्ही रूपांत एकाच वर्षी आणली आणि ती अफाट खपली. त्यानंतर कंपनी अर्धी प्रकाशनसंस्थाच झाली, इतकी की 1990च्या दशकात दुकानांतून परत आलेल्या न खपलेल्या पुस्तकांचे ओझे तिच्या डबघाईचे एक मोठे कारण ठरले आणि 1997 साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने तिला विकत घेतले. या कादंबऱ्यांच्या ढिगात फासे पडल्याचा आवाज ऐकू येतो हे नाकारता येत नाही. पण साचेबंदपणा खेळाने आणला नाही. शब्दावर पैसे देणाऱ्या मासिकांतही तो भरपूर होता, आपण आज त्यातले निवडकच वाचतो. उलट बाजूही पाहावी. रेमंड फीस्ट यांच्या 1982च्या ‘मॅजिशियन’मधले जग सॅन डिएगोच्या मित्रमंडळींच्या खेळात आकाराला आले. जपानमध्ये र्‍यो मिझुनो यांच्या चमूने खेळलेल्या सत्रांचे शब्दांकन 1986पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात क्रमशः आले, 1988पासून त्यांच्या कादंबऱ्या झाल्या, आणि ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ या नावाने त्यांनी तिथल्या अद्भुत साहित्याला आणि चित्रपटांना वळण दिले. तिथे तर खेळाचे सत्रच वाचनाचा मजकूर बनले. आणि परिशिष्ट एनने आणखी एक काम केले: नव्या खेळाडूंच्या हाती एक अभ्यासक्रम दिला. ली ब्रॅकेट, आंद्रे नॉर्टन, मार्गारेट सेंट क्लेअर या लेखिका त्यात आहेत. सेंट क्लेअर यांच्या ‘साइन ऑफ द लॅब्रिस’मधली मजल्यांवर मजले असलेली भूमिगत दुनिया कुठल्याही विद्यापीठाच्या वाचनयादीत नव्हती, खेळाच्या पुस्तकामुळे ती शोधून वाचली जाऊ लागली.

1980च्या दशकात अमेरिकेत उठलेल्या बोंबेचाही इथे विचार करावा लागतो. 1979 साली मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक विद्यार्थी बेपत्ता झाला, संशय खेळावर गेला आणि तो खोटा ठरला तरी कथा पसरली. 1981 साली रोना जॅफ यांची ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ कादंबरी आणि पुढच्या वर्षी तिच्यावरचा टीव्हीपट आला. ही पुस्तके मुलांना खरी जादू आणि सैतानपूजा शिकवतात, असा प्रचार सुरू झाला. प्रचारकांनी ही पुस्तके नीट उघडली असती तर त्यांना कळले असते की तिथे म्हणता येईल असा मंत्र एकही नाही. मंत्राचे नाव, किती अंतरावर चालतो, किती वेळ टिकतो, किती जणांवर पडतो, त्यातून बचावायची संधी आहे की नाही, असेच तपशील दिलेले असतात. जादूचा असा जमाखर्च मांडणारा माणूस तिला भुलला नाही. तिच्याकडे त्याने कारागिराच्या नजरेने पाहिले. भोळेपणाचा आरोप ज्या वाचकांवर झाला ते आपल्या काळातले बहुधा सर्वांत कमी भोळे वाचक होते.

म्हणून या नियमपुस्तकांना साहित्याच्या इतिहासात जागा द्यायला हवी, आणि ती कुतूहलाच्या वस्तूंच्या कपाटात नको. एखादे पुस्तक किती खपले हे आकडे सांगतात, ते कसे वाचावे हे समीक्षक सांगतो. ते प्रत्यक्षात कसे वाचले गेले हे सांगणारे साधन क्वचित मिळते. विम्याची नोकरी गेलेला माणूस, महाविद्यालयातला मुलगा, सैनिकांच्या बाहुल्या मांडणारा छांदिष्ट, अशा लोकांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची, प्रतिष्ठा नसलेली, पिवळ्या पडलेल्या कागदावरची गोष्ट किती बारकाईने वाचली होती, कुठे ती अचूक ओळखली होती आणि कुठे तिचा विपर्यास केला होता, याचा तपशीलवार हिशेब या कोष्टकांत आहे. व्हान्स यांच्या मंत्रांबाबत तो हिशेब समीक्षेच्या पुढे गेला, राक्षसाबाबत तो सपशेल चुकला. दोन्ही नोंदी अभ्यासकाच्या कामाच्या आहेत, कारण वाचकाच्या चुका बरोबर वाचनाइतक्याच बोलक्या असतात. विसाव्या शतकातल्या लोकप्रिय अद्भुत कथेचा इतिहास ज्याला लिहायचा आहे, त्याने कादंबऱ्यांच्या शेजारी ही फाशांची पुस्तके ठेवून दोन्ही एकत्र वाचली, तर लेखकाने काय लिहिले याच्या जोडीला वाचकाने त्याचे काय केले हेही त्याला सांगता येईल.